पट्टी सरकवा, पण स्वर जपून वाढवा (लेखांक सहावा)

शीव-माटुंग्याच्या भागात एकाच सुराला दोन नावं आहेत. पेटी शिकलेला मराठी माणूस ज्याला ‘काळी एक’ म्हणतो, त्यालाच षण्मुखानंद सभागृहात कचेरी, म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल, ऐकायला येणारा तमिळ रसिक ‘दीड कट्टै’ म्हणतो. दोघांची भाषा वेगळी, पण गवई बदलला की षड्ज बदलतो, राग तोच राहतो, हे दोघांनाही वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमधली ‘ट्रान्सपोज’ ही आज्ञा आपल्याला परकी वाटण्याचं कारण नाही. संगणकात प्रत्येक स्वर हा एक आकडा असतो. मिडी या संगणकी स्वरसंकेताच्या हिशेबात मधला सी म्हणजे 60, त्यापुढची काळी एक 61. पुरुषाच्या काळी एकमधलं गाणं बाईंच्या काळी पाचला न्यायचं, तर प्रत्येक आकड्यात 9 मिळवायचे. सगळे स्वर सारखेच सरकतात, त्यांच्यातली अंतरं जशीच्या तशी राहतात. हे काम यंत्रावर बिनधास्त सोपवावं.

अपवाद ठेक्याचा. जनरल मिडीच्या तालवाद्यांच्या चॅनेलवर 36 म्हणजे बास ड्रम आणि 38 म्हणजे स्नेअर. संपूर्ण गाणं निवडून दोन पट्ट्या वर चढवलं, तर ‘धम्’च्या जागी ‘टक्’ वाजू लागतं, कारण तिथे आकडा सूर दाखवत नाही, वाद्य दाखवतो. ठेका बाजूला ठेवूनच पट्टी बदलावी. आणखी एक सोय जपून वापरायची, ती म्हणजे निवडलेल्या स्केलच्या आतच स्वर पायरी-पायरीने सरकवण्याची. भूपाचे पाच स्वर असे दोन पायऱ्या चढवले की सा गंधारावर जातो, आणि त्या गंधारालाच षड्ज मानून ऐकलं तर मालकंसाचे स्वर हाती येतात. मूर्च्छनेचा अभ्यास म्हणून हे फार सुंदर आहे. गायिकेची पट्टी जुळवायला निघालेल्या माणसाची मात्र यात फसगत होते.

खरा प्रश्न कॉर्डचे स्वर वाढवताना येतो. सॉफ्टवेअरला ‘प्रत्येक स्वरावर तिसरा स्वर जोड’ असं सांगितलं, की ते भूपात सा-ग, ग-प आणि ध-सा या निर्दोष जोड्या देतं. पण रे वर मध्यम आणि प वर निषाद आणून बसवतं. मेजर स्केल निवडलं असेल तर शुद्ध मध्यम, भातखंड्यांनी भूप ज्यात घातला त्या कल्याण थाटाचे स्वर निवडले तर तीव्र. भूपात दोन्ही वर्ज्य. के. जी. गिंड्यांनी शीवच्या वल्लभ संगीतालयात जी विद्या दिली, तिच्यात थाट हे वर्गीकरण आहे आणि राग ही चाल आहे. सॉफ्टवेअरच्या यादीत मात्र फक्त थाटासारखी चौकट असते. मालकंसात तर पहिल्याच पावलाला ठेच: षड्जावरची नेहमीची मायनर कॉर्ड पंचम मागते, आणि मालकंसात पंचमच नाही. तिथे मध्यमावरची म-ध-सा किंवा कोमल धैवतावरची ध-सा-ग घ्यावी. दोन्ही रागाच्या स्वरांतच बसतात.

यावर कुणी म्हणेल, मग कॉर्ड हव्यातच कशाला? एकसुरी गायकीला त्या मारकच. मला हे पटत नाही. तंबोऱ्यात सा बरोबर पंचम आपणच लावतो, आणि खर्ज नीट जुळला की न लावलेला गंधार आपसूक ऐकू येतो. मालकंसासाठी त्याच पंचमाची तार मध्यमाला उतरवली जाते. म्हणजे जोडस्वर आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि तो राग पाहून निवडण्याची शिस्तही आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: भावगीत आणि सिनेगीत रागाचे नियम पाळत नाहीत, तिथे वर्ज्य स्वराचं भय कशाला? बरोबर आहे. पण तिथेही संगीतकार एखाद्या शब्दासाठी, ठरवून, एका जागी परका स्वर आणतो. यंत्र तोच स्वर रिषभ येईल तिथे प्रत्येक वेळी आणतं, आणि मग त्या शब्दाचं वेगळेपण उरत नाही.

पुढच्या आठवड्यात मींड आणि पिच-बेंडकडे वळू. तोवर भूपाचा आरोह संगणकात भरा, तिसरा स्वर आपोआप जोडू द्या आणि तंबोऱ्यावर ऐका. रिषभावरचा मध्यम खटकला, तर तो हाताने पुसून तिथे पंचम ठेवून पाहा.