‘मात्र’ या शब्दाची मात्रा

बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ या परिसरात व्यवसाय करणाऱ्या आपणा मराठी डॉक्टरांचे कन्नडशी असलेले नाते मोठे विलक्षण आहे. तपासणीच्या टेबलापाशी ‘ज्वर यावागिंद?’ असे आपण सहज विचारतो. ‘मात्रे’, म्हणजे गोळी, केव्हा द्यायची हेही बाळाच्या आईला सांगतो. परंतु मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांची कन्नड कानावर व जिभेवर आहे, डोळ्यांत नाही. बोलता येते म्हणून कागदही कळेल असे वाटू लागते, आणि जागेचा भाडेकरार समोर आला की हाच विश्वास घातक ठरू शकतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण बालरोगतज्ज्ञ टिळकवाडीतील एका जागेचा करार घेऊन माझ्याकडे आले. त्यांना तेथे दवाखाना थाटायचा होता. घरमालक वयोवृद्ध, सज्जन, मराठी उत्तम बोलणारे. करार तीन पानांचा, संपूर्ण कन्नडमध्ये. सह्या दुसऱ्या दिवशी व्हायच्या होत्या. माझ्या दवाखान्यातील कन्नड शिकलेल्या परिचारिकेस तो मोठ्याने वाचावयास सांगितले. ‘बाडिगे’ म्हणजे भाडे, ‘तिंगळु’ म्हणजे महिना. ‘ठेवणि’, ‘दुरस्ति’, ‘साक्षि’, ‘सहि’ हे शब्द तर आपल्याच घरचे. ऐकता ऐकता आमच्या तरुण मित्राची मान डोलू लागली. इतक्यात एका कलमात ‘वासक्कागि मात्र’ असे शब्द आले. मराठी कानाला ‘मात्र’ म्हणजे ‘परंतु’. पुढे काही अपवाद येईल असे वाटते. परिचारिकेने सांगितले, “सर, ‘मात्र’ म्हणजे फक्त. जागा फक्त राहण्यासाठी दिलीय.”

दवाखान्यासाठी घेतलेली जागा आणि करारात केवळ वास्तव्याची परवानगी! कर्नाटकात २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यान्वये दवाखान्याची नोंदणी करावी लागते. एकीकडे अशी नोंदणी आणि दुसरीकडे असा करार, ही विसंगती उद्या मालकांच्या वारसांना जागा रिकामी करून मागण्यास पुरेशी होती. मालकांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “मी तरी कुठं वाचलोय ओ, डॉक्टर! लिहिणाऱ्यानं दिला तसा आणलो.” लेखनिकाने घरांसाठी ठेवलेला नेहमीचा मसुदा त्यात नावे घालून दिला होता. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. कलम बदलले, सह्या झाल्या आणि दवाखाना सुरू झाला.

या निमित्ताने काही गोष्टी नमूद कराव्याशा वाटतात. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावाच लागतो. म्हणून सर्वत्र ११ महिन्यांचे करार दिसतात. यंत्रसामग्री बसवून दवाखाना उभारणाऱ्याने एवढ्या अल्प मुदतीवर समाधान मानावे का, याचा आधी विचार करावा. दुसरा शब्द ‘भोग्य’. कर्नाटकातील या पद्धतीत मोठी रक्कम एकदम मालकाकडे ठेवतात, दरमहा भाडे नसते आणि मुदतीअखेर रक्कम परत मिळते. ‘बाडिगे’ आणि ‘भोग्य’ यांत गल्लत झाली तर आयुष्यभराची शिल्लक गुंतून पडते.

त्याच कायद्याचे कलम १९ मनोरंजक आहे. नोंदणी अधिकाऱ्यास न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सामान्यतः प्रचलित नसलेल्या भाषेतील दस्त खऱ्या अनुवादाशिवाय नोंदता येत नाही. अधिकाऱ्याला न कळणारा कागद कायदा अडवतो. सही करणाऱ्याला न कळणारा कागद अडवण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. म्हणून करार सहीच्या दोन-चार दिवस आधी मागावा. ज्याचा त्यात काही लाभ नाही अशा माणसाकडून तो शब्दशः वाचून घ्यावा. ‘नेहमीचेच आहे’ हा सारांश पुरेसा मानू नये. जागेचा उपयोग, मुदत, सूचनेचा अवधी, अनामत परत मिळण्याची अट आणि दुरुस्तीचा खर्च ही पाच कलमे मराठीत लिहून काढावीत आणि मगच वकिलांकडे जावे. रकमा अंकांबरोबर अक्षरांतही लिहून घ्याव्यात. कन्नड अंकांतील सहा आणि नऊ सरावाअभावी सारखेच भासतात.

हे सारे करताना मला आपल्याच टेबलावरील संमतिपत्रे आठवतात. खानापूरच्या खेड्यातून आलेली मराठी आई किंवा बैलहोंगलची कन्नड आई, तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन, इंग्रजी कागदावर आपण बोट ठेवू तेथे सही करते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की रुग्णाला पुरेशी माहिती दिल्याखेरीज संमती खरी ठरत नाही. घरमालकाकडून जी अपेक्षा आपण रास्त मानतो, तीच त्या मातेची आपल्याकडून असणार.

आपल्या संघटनेने दवाखान्याच्या जागेसाठी कराराचा एक मराठी-कन्नड नमुना जाणकार वकिलांकडून करून घ्यावा आणि त्यासोबत नित्याच्या संमतिपत्रांचेही दोन्ही भाषांतील मसुदे सभासदांना द्यावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. खर्च फारसा नाही; नव्याने व्यवसायात येणाऱ्या आपल्या मुलामुलींना आणि आपल्या रुग्णांना त्याचा उपयोग मोठा होईल.