दर बारा तासांनी

दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीरात बसवता येते, पण शरीराला ते कधीच आपले वाटत नाही. दहा वर्षे बिनतक्रार काम केल्यावरही नाही. जांघेच्या जरा वर, ओटीपोटाच्या एका बाजूला ते ठेवले जाते. त्याच्या रक्तवाहिन्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांना जोडतात, मूत्रनलिका मूत्राशयात सोडतात. निकामी झालेली जुनी मूत्रपिंडे बहुतेक वेळा जागच्या जागीच राहतात. पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच नवी किडनी लघवी तयार करू लागते. मात्र तिच्या पेशींवरची एचएलए ही प्रथिने रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना अनोळखी असतात. आईने किडनी दिली तरी या प्रथिनांचा निम्माच संच हमखास जुळतो, आईच्या किडनीवरचा उरलेला निम्मा मुलाकडे आलेला असेलच असे नाही. शरीर त्या निम्म्यावर बोट ठेवते आणि हल्ल्याची तयारी करते.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याची किडनी रिचर्ड या त्याच्या जुळ्या भावाला बसवली. ते एकाच गर्भापासून झालेले जुळे होते, त्यामुळे रिचर्डच्या शरीराला परके असे काही दिसलेच नाही. असे जुळे भावंड कितीजणांना असणार? बाकीच्यांसाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध हवे होते. १९६०च्या दशकात गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आलेले ॲझाथायोप्रिन आणि त्याच्या जोडीला स्टिरॉइड यांवर प्रत्यारोपण तगले. पुढे नॉर्वेच्या पठारावरील मातीतल्या एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले. जपानमध्ये १९८४ साली त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतील सूक्ष्मजीवात टॅक्रोलिमस सापडले. आजच्या बहुतेक रुग्णांच्या चिठ्ठीवर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन नावे असतात. पहिल्या महिन्यांत जंतुसंसर्ग टाळणाऱ्या, रक्तदाबाच्या, काहींना मधुमेहाच्याही गोळ्या त्यांत मिसळतात. दवाखान्यातून घरी येताना रुग्णाच्या हाती किडनीइतकीच महत्त्वाची दुसरी एक वस्तू असते, ती म्हणजे गोळ्यांची पिशवी.

या पिशवीतले सर्वांत नाजूक औषध टॅक्रोलिमस. पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशीने परका ओळखला की तिच्यात कॅल्सिन्यूरिन नावाचे विकर जागे होते आणि इतर पेशींना हाक देणारे रसायन बनू लागते. टॅक्रोलिमस ती हाकच दाबते. पण त्याचे रक्तातले प्रमाण फार अरुंद पट्ट्यात राखावे लागते. सुरुवातीच्या महिन्यांत मिलिलिटरमागे साधारण ८ ते १२ नॅनोग्रॅम आणि नंतर ५ ते ८च्या आसपास, असे पुष्कळ केंद्रांचे गणित असते. खाली गेले तर नकाराचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा धोका, वर गेले तर हात थरथरतात, साखर वाढते आणि ज्या किडनीसाठी औषध चालू आहे तिलाच इजा होते. तोंडाने घेतलेल्या टॅक्रोलिमसचा सरासरी चौथा हिस्साच रक्तात पोहोचतो, तोही माणसागणिक बदलतो. ‘शेजारच्या बाकावरच्या पेशंटला दिवसाला दोनच मिलिग्रॅम, मग मला पाच का?’ हा बाह्यरुग्ण विभागात हमखास ऐकू येणारा प्रश्न. आतड्यातील आणि यकृतातील जी विकरे हे औषध मोडतात, ती काहींमध्ये जन्मतःच जास्त कामसू असतात, हे त्याचे एक उत्तर. दुसऱ्याचा डोस पाहून आपला ठरवता येत नाही.

औषध समजले आहे की नाही, हे लेव्हल, म्हणजे टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण, तपासण्याच्या सकाळी कळते. रात्री नऊला कॅप्सूल घेतलेली असते, रक्त सकाळी नऊला, पुढच्या कॅप्सूलच्या आधी द्यायचे असते, कारण मोजायचा असतो तो बारा तासांनंतर उरलेला तळाचा आकडा. गावाहून पहाटेच्या एसटीने निघालेला रुग्ण ‘औषध कधी चुकवू नका’ हे वाक्य मनात घट्ट धरून गाडीतच कॅप्सूल घेतो आणि मग रक्त देतो. अहवालात आकडा चढलेला येतो. त्याने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही, तर डोस कमी केला जातो. मुळात बरोबर असलेले प्रमाण आता अपुरे पडते. चूक करणारा माणूस बेफिकीर नाही, उलट फार काटेकोर आहे. नियम त्याला पाठ होता, त्यामागचे कारण कुणी सांगितले नव्हते.

औषधांची नावे हा असाच एक कच्चा दुवा. पुष्कळजण गोळ्या रंगावरून ओळखतात, सकाळी दोन पिवळ्या आणि एक पांढरी, असे. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली की रंग बदलतो आणि ओळख पुसते. टॅक्रोलिमसच्या अर्ध्या आणि एक मिलिग्रॅमच्या कॅप्सूल असतात, त्यांची अदलाबदल म्हणजे डोस दुप्पट किंवा निम्मा. दिवसातून एकदा घ्यायचा, सावकाश विरघळणारा प्रकारही बाजारात आहे आणि तो दोनदा घ्यायच्या प्रकाराच्या जागी परस्पर चालत नाही. कात्रीने कापून दिलेल्या अर्ध्या पट्टीवर तर कधी नाव असते, कधी मुदतीची तारीख, दोन्ही क्वचितच. म्हणून औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहिलेला कागद रुग्णाच्या खिशात आणि घरातल्या आणखी एकाजवळ असावा. कंपनी बदलायची वेळ आलीच, तर ते प्रत्यारोपण केंद्राला सांगून लेव्हल पुन्हा तपासून घ्यावी लागते.

भाषेमुळेही घोटाळा होतो. घराघरांत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र झाला आहे आणि कोविडच्या साथीने तो अधिकच ठसला. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचे सगळे औषधपाणी मात्र नेमके उलट्या दिशेने चाललेले असते. काळजीपोटी मावशी गुळवेलीचा काढा आणून देते, भावजी अश्वगंधाची पावडर. नाही म्हणणे जड जाते, आणि ‘जडीबुटीच आहे, अपाय काय होणार?’ हा विश्वासही असतो. प्रतिकारशक्तीला चालना देण्याचा दावा करणारे काहीही या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ही सूचना सुट्टी मिळण्याच्या दिवशी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्यक्तीसमोरच दिली गेली पाहिजे, कारण पेला तीच पुढे करते.

फळांतही एक सापळा आहे. ग्रेपफ्रूट टाळा असे छापील पत्रकांत असते, पण ते आपल्याकडे खाते कोण? त्याचा जवळचा नातलग पपनस मात्र गणपतीच्या दिवसांत कोकणात आणि गोव्यात घरोघरी असतो. त्यातील द्रव्येही टॅक्रोलिमस मोडणाऱ्या विकराला अडवतात आणि रक्तातले प्रमाण वाढू शकते. पत्रकाचे भाषांतर करताना पपनस हा शब्द घातला नाही, तर वाचणाऱ्याला धोका कुठे आहे तेच कळत नाही.

इतर औषधांशी होणारी गाठ याहून गंभीर असते. क्षयावरचे रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसचे प्रमाण वेगाने खाली आणते. क्षय आपल्याकडे सर्रास आढळतो, त्यामुळे ही गाठ पुस्तकापुरती राहत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल ते वर चढवतात. अंगदुखीसाठी दुकानातून सहज मिळणारी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन थेट किडनीवर घाव घालते. जुलाब झाले तर टॅक्रोलिमस घटण्याऐवजी बहुधा वाढते, हे तर कुणाच्या ध्यानीमनी नसते. म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेले तरी पहिले वाक्य ‘माझी किडनी बदललेली आहे’ हेच असायला हवे.

एवढे सगळे माहीत असूनही गोळ्या चुकतात, आणि थोडक्यांच्याच चुकतात असे नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निकामी झालेल्या प्रत्यारोपित मूत्रपिंडांपैकी सुमारे ३६ टक्क्यांच्या मागे औषधे नीट न घेतल्याचा इतिहास आढळला. नियमित न घेणाऱ्यांमध्ये किडनी जाण्याची शक्यता सुमारे सातपट होती. नियमितपणा मोजण्याची मोजपट्टीही कडक आहे. गेल्या चार आठवड्यांत डोस चुकला का, एवढेच संशोधक विचारत नाहीत. ठरल्या वेळेपेक्षा दोन तासांहून जास्त मागेपुढे झाले का, हेही विचारतात.

चुकण्याला शरीराचे मौन कारणीभूत असते. मधुमेही माणसाला इन्सुलिन चुकल्याचे लवकर जाणवते. किडनीच्या रुग्णाला दोन दिवस गोळी चुकूनही काहीच होत नाही. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या जोडल्या जातात, मज्जातंतू नव्हे, त्यामुळे नव्या किडनीतून दुखण्याची खबर सहसा येतच नाही. नकाराची प्रक्रिया आत सुरू होते, प्रतिद्रव्ये तयार होतात आणि किडनीचे काम दाखवणारा रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा हलतो तोवर काही भाग कायमचा गेलेला असतो. ‘नाही घेतली तरी चाललं’ हा अनुभव अशा रीतीने रुग्णाला चुकीचे शिकवतो. पहिल्या वर्षापेक्षा पाचव्या-सहाव्या वर्षी ढिलाई जास्त दिसते, ती यामुळेच.

पैशांची ओढाताणही असते. शस्त्रक्रियेसाठी शासकीय योजना, न्यास, नातेवाईक धावून येतात. दरमहा, जन्मभर लागणाऱ्या औषधांसाठी तेवढे हात पुढे येत नाहीत. मग महिनाअखेर दोनदाची कॅप्सूल एकदाच घेऊन पट्टी पुरवली जाते. हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत केवळ मूत्रपिंडाच्या आजारामुळे मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळालेल्या रुग्णांचे संरक्षण प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी संपत असे. औषधांपुरती ती मुदत काढून टाकणारी तरतूद १ जानेवारी २०२३पासून लागू झाली. किडनी बसवण्याचा खर्च करायचा आणि ती टिकवणाऱ्या गोळीचा करायचा नाही, हा हिशेब कुठेच बसत नाही.

किशोरवयीन मुलामुलींचे दुःख वेगळे. स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, मुरमे येतात, सायक्लोस्पोरिनने अंगावर लव वाढते, टॅक्रोलिमसने केस गळतात. सोळा वर्षांच्या मुलीला आरशात हे रोज दिसते, क्रिएटिनिन दिसत नाही. भारतात बहुसंख्य किडन्या जिवंत नातलगांच्या असतात, देणारी अनेकदा आई किंवा बायको. ‘आईने किडनी दिली आणि तुला गोळी घेता येत नाही?’ असे ऐकून मूल चुकलेला डोस लपवायला शिकते. लपलेली चूक सुधारता येत नाही. ‘रोज घेतोस ना?’ या प्रश्नाला होच उत्तर येते. ‘गेल्या महिन्यात किती वेळा राहून गेली, आणि कशामुळे?’ असे विचारले की बोलणे सुरू होते.

उपाय साधे आहेत. सात दिवसांचा, सकाळ-रात्र अशा खणांचा डबा, मोबाइलचा गजर, प्रवासात हातातल्या पिशवीत दोन दिवसांचा जादा साठा, आठवडाभराची औषधे शिल्लक असतानाच नवी खरेदी. डोस विसरला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही, उलटी झाली तर काय करायचे, ही उत्तरे आपल्या केंद्राकडून आधीच लिहून घ्यायची. निर्जळी उपवास किंवा रोजा धरण्याआधीही बोलून घ्यायचे. डोस तोच असताना टॅक्रोलिमसची लेव्हल दर भेटीला वरखाली उडत असेल, तर कुठेतरी वेळ, खाणे किंवा दुसरे औषध आड येते आहे, हे ओळखून शोध घ्यायचा.

तरुण स्त्रियांना आणखी एक गोष्ट वेळेत कळायला हवी. मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग येऊ शकते. मूल हवे असल्यास ते गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून बहुधा ॲझाथायोप्रिन सुरू करतात. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन चालूच राहतात. त्यासाठी किडनीचे काम किमान वर्षभर स्थिर असावे लागते. गरोदरपणातही लेव्हलची तपासणी वरचेवर होते, त्याच पद्धतीने, सकाळची कॅप्सूल घेण्याआधी.