दोन सर्व्हर आणि एक कऱ्हाड

बँकेचा मुख्य सर्व्हर नवी मुंबईत आणि त्याची जुळी प्रत हैदराबादेत, अशी मांडणी आता नवलाची राहिलेली नाही. इथे नोंद झाली की काही क्षणांत ती तिथे पोचते. म्हणजे पोचायला हवी. मधेच लाइन तुटते, एखादा प्रोग्राम अर्ध्यावर बंद पडतो, आणि दोन्ही प्रतींत कुणाच्या नकळत फरक पडतो. दोन्ही सर्व्हर ठणठणीत चालू असल्यामुळे शंकाही येत नाही.

मग ताडून पाहायचं कसं? दोन्ही टेबलं एकाच ठिकाणी असती, तर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या ‘एक्सेप्ट’ने काम भागलं असतं: या टेबलातून त्या टेबलातल्या ओळी वजा कर आणि उरलेल्या दाखव. दूरच्या सर्व्हरवरचं टेबल इथलंच असल्यासारखं वापरायची सोयही आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तिला ‘लिंक्ड सर्व्हर’ म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये २०१३ पासून ‘पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू’ ही जोडणी मिळते. क्वेरी दिसायला साधी, पण अशा तुलनेसाठी दूरचं अख्खं टेबल नेटवर्कवरून ओढून आणावं लागतं. एका ओळीला २०० बाइट धरले, तर १०,४८,५७६ ओळींचे सुमारे २०० मेगाबाइट झाले. चुकलेली ओळ कदाचित एकच असेल.

यावरचा तोडगा डिजिटल सहीच्या संशोधनातून आला. स्टॅनफर्डमध्ये काम करणाऱ्या राल्फ मर्कल यांनी १९७९ साली तो मांडला. प्रत्येक ओळीचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला छोटासा ठसा, काढायचा. शा-२५६ पद्धतीत मजकूर कितीही लांब असला तरी हॅश ३२ बाइटचाच येतो आणि एक अक्षर बदललं तरी तो पार वेगळा होतो. मग दोन-दोन हॅश जोडून त्यांचा नवा हॅश, त्यांच्या जोड्यांचा पुन्हा हॅश, असं करत शेंड्याला एकच उरतो. कबड्डी स्पर्धेच्या बाद फेरीचा तक्ता असाच वर निमुळता होत जातो. तुलना करताना हा तक्ता अंतिम सामन्यापासून उलटा वाचायचा. शेंडे जुळले तर काम संपलं. नाही जुळले, तर खालच्या दोघांपैकी कोण वेगळा ते पाहायचं आणि फक्त त्याच बाजूने उतरायचं. दहा लाखांवर ओळी असल्या तरी २० पायऱ्यांत नेमकी बिघडलेली ओळ सापडते. तेवढ्यासाठी ४१ हॅश, म्हणजे जेमतेम १,३०० बाइट पाठवावे लागतात. हॅश काढायला प्रत्येक सर्व्हरला आपला सगळा डेटा वाचावा लागतो हे खरं, पण तो ज्याचा त्याने जागेवरच वाचायचा असतो. ॲमेझॉनने २००७ साली आपल्या ‘डायनॅमो’ या डेटा साठवणाऱ्या प्रणालीची रचना प्रसिद्ध केली, तीत हीच युक्ती होती; पुढे फेसबुकमध्ये जन्मलेल्या ‘कॅसँड्रा’ या डेटाबेसनेही ती उचलली. प्रत्यक्षात एकेका ओळीऐवजी ओळींच्या गठ्ठ्यांचे हॅश काढतात.

इथवर गणित झालं, आणि ते देखणं आहे. माझ्या मते खरी डोकेदुखी पुढेच आहे: ‘सारखं’ कशाला म्हणायचं?

गावांच्या यादीतलं ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. डेटाबेसला लांबी विचारा: यूटीएफ-८ मध्ये पहिलं १८ बाइटचं, दुसरं २१ बाइटचं. हॅश अर्थातच वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरण लावूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो. रिकाम्या रकान्याची आणखी वेगळी तऱ्हा. दोन्हीकडे फोन नंबर ‘नल’ असेल, तर साध्या बरोबरच्या चिन्हाला एसक्यूएल ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही. एकीकडे भारतीय वेळ आणि दुसरीकडे जागतिक वेळ साठवलेली असेल, तर प्रत्येक ओळ ‘चुकीची’ ठरते.

शिवाय डेटा थांबलेला नसतो. मोजणी चालू असतानाच नव्या नोंदी येतात. मायएसक्यूएलसाठी ‘पीटी टेबल चेकसम’ हे साधन आहे. त्याची चलाखी मला फार आवडते. ते मोजणीचा आदेशच मुख्य सर्व्हरच्या बदलांच्या रांगेत घालतं. जुळी प्रत ती रांग क्रमाने वाचते. त्यामुळे मागे पडलेली असली तरी ती मोजते नेमकी त्याच टप्प्यावरची स्थिती.

फरक सापडला, तरी खरं कोण हे हॅश सांगत नाही. मुख्य आणि दुय्यम असं ठरलेलं असेल तर प्रश्न सोपा. कॅसँड्रात सगळे सर्व्हर समान. तिथे ज्या नोंदीवर नंतरची वेळ असेल ती जिंकते. एखाद्या सर्व्हरचं घड्याळ पुढे गेलेलं असेल, तर त्याची जुनी नोंद नव्या नोंदीला पुसून टाकते. म्हणून तिथे आधी सगळ्यांची घड्याळं जुळवून घेतात.