चित्रातला कोल्हा आणि माळावरचे खोकड

लहान मुलाला मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक उघडण्याचा प्रसंग आपल्यावर कधी ना कधी आलाच असेल. पानावर तांबूस अंगाचा, झुपकेदार शेपटीचा, निमुळत्या तोंडाचा एक प्राणी उभा असतो. मूल त्यावर बोट ठेवून विचारते, “हा कोण?” आणि आपण क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, “कोल्हा!” उत्तर सोपे आहे, परंतु ते बरोबर आहे काय?

काटेकोरपणे पाहू गेल्यास नाही. इंग्रजी पुस्तकांतला ‘फॉक्स’ निराळा आणि आपला कोल्हा निराळा. आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला ‘जॅकल’. तो लांडग्याचा जवळचा आप्त. वजनाने साधारण ८ ते १० किलो. सांजवेळी कोल्हेकुई करून गावाला जागे करणारा. ‘फॉक्स’चा आपल्याकडील भाऊबंद म्हणजे खोकड. ते अवघे २-३ किलो वजनाचे, राखी अंगाचे, शेपटीचे टोक काळे असलेले, लाजरे जनावर आहे. उघड्या माळावर अनेक तोंडांचे बीळ करून ते राहते आणि किडे, उंदीर, सरडे व बोरे यांवर गुजराण करते.

मग ही अदलाबदल झाली कशी? आपल्या पंचतंत्रात धूर्तपणाचा मान कोल्ह्याचा आहे. करटक व दमनक हे दोन कोल्हे सहाव्या शतकात इराणात पोहोचले आणि आठव्या शतकातील अरबी ग्रंथाला त्यांच्याच नावांवरून ‘कलीला व दिम्ना’ हे नाव मिळाले. इसापाच्या गोष्टींत तीच भूमिका ‘फॉक्स’कडे होती. एकोणिसाव्या शतकात इसापनीती मराठीत आली, तेव्हा भाषांतरकारांनी ती आपल्या ओळखीच्या कोल्ह्याला दिली. वाचकाला परिचित प्राणी हवा होता. त्यांनी केले ते योग्यच होते. काकडीला राजी होणारा कोल्हा द्राक्षांना आंबट म्हणू लागला, तो असा!

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही गंमत अधिक जाणवेल. हिंदीत ‘सियार’ व ‘लोमड़ी’ हे दोन शब्द वेगळे आहेत. शिवाय लोमड़ी स्त्रीलिंगी! घरी कोल्होबा आणि शाळेत लोमड़ी असा पेच पडलेले मूल विचारील, “कालचा कोल्हा आज बाई कशी झाली?” बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या ‘टुनटुनिर बोई’ (१९१०) या पुस्तकातील ‘शियाल पंडित’ मात्र अस्सल कोल्हा आहे. शिकवायला दिलेली सुसरीची सात पिले एकेक करून फस्त करावयाची आणि उरलेले एकच पिलू सात वेळा दाखवावयाचे, ही त्याची पंडिताई!

चित्रपुस्तकांनी या प्राण्याला नवे रूप दिले. बिएट्रिक्स पॉटर यांच्या १९०८ सालच्या ‘जेमायमा पडल-डक’ या पुस्तकात तो उंची पोशाखातील सद्गृहस्थ होऊन वर्तमानपत्र वाचीत बसतो आणि भोळ्या बदकीला कांदे, पुदिना आणावयास सांगतो. हा मसाला कोणाच्या मांसासाठी, हे छोट्या वाचकाला कळते. बदकीला कळत नाही. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’मध्ये (१९६८) अवघे ३२ शब्द आहेत. त्यांत कोंबडीच्या फेरफटक्याचे वर्णन आहे. तिच्या मागे लागून पदोपदी फजीत होणारा ‘फॉक्स’ केवळ चित्रांतच दिसतो. भाषांतरकाराच्या दृष्टीने हे पुस्तक फार सोयीचे. नावाचा प्रश्नच उद्भवत नाही!

परंतु इतरत्र तो प्रश्न उरतोच, आणि मजकूर हातावेगळा करताना भाषांतरकाराची लेखणी तेथे अडखळते. ‘कोल्हा’ लिहावे, तर ओघ राखला जातो, म्हणी कामी येतात. पण चित्र व शब्द यांची फारकत होते. ‘खोकड’ लिहावे, तर मूल विचारील, “म्हणजे काय?” आमच्या मते, हा प्रश्न टाळण्यापेक्षा तो विचारला जाणेच अधिक चांगले. जुन्या नीतिकथेत कोल्हा खुशाल राहो. तेथे तो आता घरचाच झाला आहे. नव्या पुस्तकात मात्र चित्रातल्या प्राण्याला त्याचे स्वतःचे नाव मिळावे. माळ नांगरले जात आहेत, त्यांवर वस्त्या उठत आहेत, आणि तेथील हा छोटा रहिवासी मुलांच्या दृष्टीआड होत आहे. दृष्टीआड झालेला प्राणी जिभेवरूनही गेला, तर त्याची आठवण करणार कोण?

आणखी एक गोष्ट. गोष्टीतला लबाड गोष्टीपुरताच असतो. माळावरचे खोकड कोणाला फसवीत नाही; ते केवळ आपले व पिलांचे पोट भरते. आज रात्री पुस्तक मिटताना आपल्या मुलाला एवढे अवश्य सांगा. लबाडीची गोष्ट ऐकून ते हसलेच असेल; खऱ्या प्राण्याची गोष्ट ऐकून कदाचित त्याला पाहावयास निघेल.