मॅटलॅब परवडत नाही? मग हे वाचा

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर... जिल्ह्यातल्या इंजिनीअरिंग आणि बीएस्सीच्या मुलामुलींनो, मॅटलॅबची क्रॅक कॉपी कुणाच्या पेन ड्राइव्हवरून घेऊ नका. व्हायरसची भीती असते आणि त्याची गरजही नाही.

आधी कॉलेजात विचारा, संस्थेचं लायसन्स आहे का? नसेल तर जीएनयू ऑक्टेव्ह घ्या. पूर्ण मोफत, आणि मॅटलॅबचे बरेचसे प्रोग्रॅम त्यात जसेच्या तसे चालतात. सायलॅबही मोफतच, पण जरा वेगळं: मॅटलॅबमध्ये कॉमेंट टक्क्याच्या चिन्हाने सुरू होते, सायलॅबमध्ये दोन तिरक्या रेघांनी.

मला सगळ्यात भावतं ते आयआयटी मुंबईचं काम. तिथला फॉसी प्रकल्प अशा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत, डाउनलोड केले की नेटशिवाय बघता येतात. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून दिली, तर तपासणीनंतर फॉसी विद्यार्थ्यांना मानधनही देतं!

ऑटोकॅड हवंय? ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ते १ वर्षासाठी मोफत देतं, शिकताय तोवर दरवर्षी नूतनीकरण करता येतं. विद्यार्थी असल्याचा पुरावा तेवढा तयार ठेवा.

आपल्या वर्गाच्या ग्रुपवर ही पोस्ट नक्की टाका.