घरसामानाची वाहतूक : वजन व भाड्याचे वाद

शासकीय सेवक व शिक्षक यांच्या जीवनात बदली ही नित्याची बाब होय. परंतु नव्या गावी मालमोटार दाराशी येताच ‘वजन जास्त भरले’ या सबबीवर जादा भाडे मागितले जाते व पैसे मिळेपर्यंत सामान उतरविले जात नाही, असे प्रसंग घडतात. मुलांची पुस्तके व स्वयंपाकाची भांडी गाडीत अडकलेली असताना गृहस्थाला मुकाट्याने पैसे मोजावे लागतात. म्हणून अशा वादाची तयारी सामान निघण्यापूर्वीच करणे हिताचे ठरते.

वजनाचा पुरावा

भाडे वजनावर, जागेवर की संपूर्ण गाडीवर आकारले जाणार, हे प्रथम लेखी ठरवून घ्यावे. हमाली, बांधणी व विमा यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख असावा. आकारणी वजनावर असल्यास आपले सामान चढविण्यापूर्वी व चढविल्यानंतर गाडीचे भुईकाट्यावर वजन करून दोन्ही चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. समजा, पहिले वजन ४,२०० किलो व दुसरे ५,९०० किलो भरले, तर सामान १,७०० किलो ठरते. मग २,४०० किलोंचे देयक आल्यास ७०० किलोंची तफावत तेथेच दाखविता येते. भुईकाट्यावर वैधमापन अधिकाऱ्यांच्या पडताळणीची मुद्रा असल्याची खात्री करावी.

पावतीचे महत्त्व

१८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी रस्ते वाहतूक अधिनियम, २००७ हा १ मार्च २०११ पासून अंमलात आला. सार्वजनिक मालवाहकाने दिलेल्या पावतीतील, म्हणजेच बिल्टीवरील, वजन व नगसंख्या हा या अधिनियमानुसार प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. म्हणून कोऱ्या कागदावर स्वाक्षरी कदापि करू नये. सामान हरवल्यास वा मोडल्यास नोंदणीच्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत मालवाहकास लेखी नोटीस देणे आवश्यक असते.

दाद कोठे मागावी?

सामान अडवून धरल्यास व पैसे देण्यावाचून गत्यंतर नसल्यास ‘जादा रक्कम आक्षेपासह दिली’ असे पावतीवर लिहावे. त्यानंतर चिठ्ठ्यांच्या प्रती जोडून मालवाहकाकडे परताव्याची लेखी मागणी करावी. तिचा उपयोग न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे दार खुले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. त्यामुळे जुन्या गावी खेटे घालण्याचे कारण उरत नाही. दिलेले भाडे पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील देणेही सक्तीचे नाही. मात्र वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे.

काट्याच्या दोन चिठ्ठ्या व एक स्वच्छ पावती, एवढ्यावर पुष्कळसे वाद आयोगापर्यंत न जाता मिटू शकतात. गावात नव्याने येणाऱ्या व गावातून जाणाऱ्या कुटुंबांना पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती आवर्जून द्यावी.