मागचा टायर नवा, पुढचा गुळगुळीत: ही जोड धोक्याची

रोवणीचे दिवस आले की नाकाडोंगरी, गोबरवाही भागात मोटारसायकलला उसंत नसते. मागे खताचे पोते, टाकीवर पऱ्ह्याची जुडी, आणि पांदणीतला चिखल तुडवून गाडी थेट डांबरीवर. तलाठी, ग्रामसेवक, आम्ही कृषीवाले, सगळ्यांचे हेच. अशा वेळी टायर घासला की बहुतेक जण मागचा तेवढा बदलतात. "मांगचा मजबूत असला का झालं जी," असे ऐकायला मिळते.

मीही तेच केले होते. चिखलात घसरू नये म्हणून मागे खोल गट्ट्याचा टायर टाकला आणि मागचा काढलेला जुना टायर पुढे चढवला. चारशे रुपये वाचले म्हणून खूशही होतो. पुढे बांधीवरून परतताना ओल्या डांबरीवर वळणात गाय आडवी आली. ब्रेक दाबताच पुढचे चाक सरकले आणि मी रस्त्यावर. गुडघा फुटला, महिनाभर लंगडत गावे केली. चूक दुकानदाराची नव्हती, त्याने दोनदा टोकले होते.

ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते. म्हणजे थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाक करते, वळवण्याचे तर सगळेच. म्हणून आपल्या साध्या गाड्यांच्या पुढच्या टायरला बहुधा लांब सरळ चरे असतात. ते दिशा धरतात आणि पाणी बाजूला काढतात. मागच्याला गट्टे असतात, कारण त्याला रेटा द्यायचा असतो. मागचा टायर पुढे टाकणे म्हणजे नांगराचा बैल शर्यतीला जुंपणे. शिवाय एक टायर चिखलाचा आणि दुसरा डांबरीचा असला, तर पकड दोन्हीकडे वेगळी राहते आणि गाडी वळणात विचित्र वागते.

टायर घेताना बाजूवरचा आकडा वाचावा. अनेक शंभर सीसीच्या गाड्यांवर ८०/१००-१८ असते. ८० ही मिलिमीटरमधली रुंदी, १०० म्हणजे उंची रुंदीइतकीच, १८ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. जुन्या गाड्यांवर २.७५-१८ दिसते. त्यापुढे ४७ असल्यास तो टायर १७५ किलो पेलतो, ५४ असल्यास २१२ किलो. खताचे पोते नेणाऱ्यांनी मागचा ४७ चा घेऊ नये. रुंद टायर दिसायला झोकदार, पण अरुंद रिमवर त्याचा आकार बिघडतो, कधी चेनकव्हरला घासतो. कंपनीने पुस्तिकेत दिलेले माप सोडू नये.

चार आकड्यांचा शिक्काही बघावा. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर नवा दिसला तरी कडक झालेला असतो. बाजूवर बाण असेल तर चाक फिरते त्याच दिशेने तो बसला पाहिजे. पंक्चरवाल्याजवळ उभे राहून पाहावे. स्पोकच्या साध्या चाकावर ट्यूबलेस टायर घातला तरी आत ट्यूब लागते, हेही त्याला सांगावे.

दोन्ही एकदम घेण्याइतका पैसा नसेल, तर पुढच्याकडे आधी पाहा. चऱ्यांच्या तळाशी रबराच्या छोट्या उंचवट्या असतात. टायर तिथपर्यंत घासला की तो गेला. नवा बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणात सांभाळून चालवा, कारण वरचा गुळगुळीतपणा जायला तेवढे लागते. आणि पोते लादताना मागची हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वाढवा, रिकाम्या गाडीला पुन्हा कमी करा.